चौकस मुलांची उन्हाळी सुट्टी



वार्षिक परीक्षा आटोपते, निकाल लागतो आणि शाळेच्या दाराला कुलूप पडते. सारा मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा शाळा बंद. विदर्भात तर ऊन ओसरेपर्यंत आणखी काही दिवस. ही सुट्टी मुलांच्या हक्काची आहे. तीत त्यांनी आंबे खावेत, विहिरीत डुंबावे, मामाच्या गावाला जावे. त्यावर मास्तरांनी डोळा ठेवू नये, हे मला मान्य आहे. तरीही या सुट्टीतले दहाबारा दिवस, तेही सकाळचे दोनअडीच तास, एका निराळ्या वर्गासाठी मागून घ्यावेत असे मी सुचवणार आहे.

निराळा अशासाठी, की सुट्टीतले जे वर्ग आपल्याला ठाऊक आहेत त्यांपैकी हा कोणताच नव्हे. मागे पडलेल्या मुलांसाठी जादा तास असतात. ते आवश्यकच आहेत. दुसरे वर्ग शहरांत आणि आता तालुक्याच्या गावीही निघाले आहेत. तेथे पुढच्या इयत्तेचे पुस्तक मे महिन्यातच उरकून देतात आणि त्यासाठी भरभक्कम फी घेतात. मी ज्या वर्गाविषयी बोलतो आहे, तो शाळेत शिकवतात तेवढ्याने ज्याचे पोट भरत नाही अशा मुलासाठी आहे. असे मूल प्रत्येक गावात असते. दोन असतात, चार असतात. गुरुजींना ते ठाऊक असते, आणि पुष्कळदा त्याच्या प्रश्नांनी गुरुजी वैतागलेलेही असतात!

मी महाविद्यालयात शिकवतो. आसपासच्या खेड्यांतून मुले-मुली आमच्याकडे येतात. कष्टाळू असतात, नम्र असतात. पण वर्गात त्यांच्याकडून जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो तो असा : “सर, हे परीक्षेला आहे का?” आता हीच मुले दहाव्या वर्षी काय काय विचारत होती, हे त्यांच्या आयांना विचारून पाहा. ताक घुसळताना गार पाणी घातले की लोणी लवकर का येते? पहिल्या पावसानंतरच मातीला वास का सुटतो? तीच मुले सतराव्या वर्षी एकच प्रश्न विचारू लागतात. मधल्या सात वर्षांत त्यांना कोणी दटावले असेल असे नाही. विचारून काही होत नाही, एवढेच त्यांना हळूहळू कळून आलेले असते. खेड्यातल्या हुशार मुलाचे खरे नुकसान येथे होते, आणि ते कोणत्याही गुणपत्रकात दिसत नाही.

हुशार आणि चौकस हे शब्द मी मुद्दाम वेगळे वापरतो. पहिला नंबर येणारे मूल चौकस असेलच असे नाही. आणि चौकस मुलाचा नंबर विसावाही असू शकतो. अमेरिकेतले शिक्षणशास्त्रज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ साली या बाबतीत एक उपयुक्त विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे, की ज्याला आपण असामान्य कर्तृत्व म्हणतो ते तीन गोष्टींच्या मिलाफातून येते : बऱ्यापैकी बुद्धी, नवे काही सुचण्याची शक्ती, आणि हाती घेतलेले काम धसास लावण्याची चिकाटी. बुद्धी अचाटच हवी असे नाही. आपली परीक्षा या तिघींपैकी पहिलीला थोडेबहुत मोजते; उरलेल्या दोघींना ती ओळखतच नाही.

आता असे वर्ग इतरत्र कसे चालतात ते पाहू.

१९५७ साली आर्नल्ड रॉस या गणितज्ञांनी अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला, आणि तो आजतागायत चालू आहे. तेथे सारा उन्हाळा मुख्यतः एकच विषय चालतो : अंकशास्त्र, म्हणजे १, २, ३ या साध्या पूर्णांकांचा अभ्यास. साध्या गोष्टींचा खोल विचार करा, हे त्या वर्गाचे ब्रीद आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, रशियातील थोर गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी मॉस्कोपासून दूर क्रास्नोविदोवो येथे मुलांचे शिबिर भरवले. व्याख्याने, गणिते, आणि त्यांच्या जोडीला पोहणे व लांब लांब फिरणे, असा तो कार्यक्रम होता. त्याच वर्षी मॉस्कोत एक निवासी शाळा उघडली, आणि ती मॉस्कोबाहेरच्या मुलांसाठी होती. राजधानीतल्या मुलाला चांगली शाळा आणि ग्रंथालय हाताशी असते. लहान गावातल्या मुलाला कोण आहे, हा विचार त्यामागे होता. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या आयुष्यातली पुष्कळ वर्षे या शाळेतल्या मुलांना शिकवण्यात घालवली, ही गोष्ट आपण प्राध्यापक मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच्या उलट मतही सांगितले पाहिजे. १९७१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्यूलियन स्टॅन्ली यांनी गणितात पुढे असलेल्या मुलांचा शोध सुरू केला. त्यांचे मत होते, की अशा मुलाला सरळ पुढे जाऊ द्यावे. वर्षाचा अभ्यास तीन आठवड्यांत होत असेल तर होऊ द्यावा. इकडचे तिकडचे मनोरंजक काम देऊन त्याला गुंतवून ठेवणे म्हणजे त्याचा वेळ घालवणे होय. या टीकेत तथ्य आहे. आपल्याकडच्या पुष्कळ उन्हाळी शिबिरांत कागदाची फुले, दोन गाणी, एक जादूचा प्रयोग आणि शेवटी प्रमाणपत्र एवढेच असते. मुलांची करमणूक होते, वाईट काहीच नाही. पण चौकस मुलाची भूक त्याने भागत नाही. मात्र स्टॅन्लींचा उपाय आपल्या खेड्यांना लागू करायचा तर पुढच्या इयत्तांचे जाणते शिक्षक हाताशी हवेत, आणि पुढे धावलेल्या मुलाला सामावून घेणारी शाळाही हवी. ते आपल्याकडे कोठून आणणार? खोल जायला मात्र एक जागा आणि एक जाणता सोबती पुरतो. म्हणून माझा कौल रॉस यांच्या बाजूने आहे.

आपल्या देशातही हे काम नवे नाही. राष्ट्रीय विज्ञान प्रतिभाशोध योजना १९६३ साली दिल्लीत सुरू झाली, दुसऱ्या वर्षी देशभर गेली, आणि तिच्यातील विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्गही भरत. या योजनेचेच रूप असलेली राष्ट्रीय प्रतिभाशोध परीक्षा २०२१ पासून थांबली आहे. महाविद्यालयीन मुलांसाठी प्रा. कुमारेसन यांनी १९९३ साली गणिताचा चार आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू केला. त्यात लहान गावांच्या महाविद्यालयांतून आलेली पुष्कळ मुले असतात. तेथे शिक्षक फळा भरून लिहून देत नाहीत. प्रश्न विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तेथे पुणे परिसरातील शाळांतल्या मुलांना सुट्टीत एकेक आठवडा बोलावण्याची प्रथा पडली. पाचसहा मुलांच्या गटाला एक मार्गदर्शक, ठरलेला अभ्यासक्रम नाही. काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवायचे.

पण पुण्याचे मूल आयुकात जाईल. बार्शीच्या किंवा धडगावच्या मुलाने काय करावे? ग्रामीण मुलांसाठी सरकारने नवोदय विद्यालये काढली. त्यांतली अगदी पहिली जी दोन, त्यांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यात निघाले. किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना, शिक्षण आणि राहणे मोफत. योजना उत्तमच आहे. परंतु एका विद्यालयात सहावीला जागा असतात जास्तीत जास्त ८०, आणि एका जिल्ह्यात खेडी असतात शेकड्यांनी. म्हणजे पुष्कळ गावांच्या वाट्याला एकही जागा येत नाही. त्या गावांतल्या मुलाला जे काही मिळायचे ते गावातच मिळायला हवे.

गावात काय आहे? प्रथम चिंचोके आहेत.

हसू नका. एक मापटेभर चिंचोके आणि सारवलेली जमीन घेऊन रॉस यांचा अर्धा अभ्यासक्रम चालवता येतो. मुलांना १ चिंचोका ठेवायला सांगा. त्याच्या दोन बाजूंना काटकोनात ३ ठेवा. ४ चा चौरस झाला. त्याभोवती ५ ठेवा. ९ चा चौरस. मग ७ ठेवा, १६. विषम संख्या ओळीने मिळवत गेले की दर वेळी चौरसच का होतो, हे फळ्यावर सूत्राने सांगण्यापेक्षा जमिनीवर लवकर दिसते. दुसऱ्या दिवशी विचारा : १२ चिंचोक्यांचा आयत किती तऱ्हांनी होईल? दोन ओळी सहाच्या, तीन ओळी चाराच्या. आणि १३ चा? एका लांब रांगेखेरीज काहीच होत नाही. अशा हट्टी संख्यांना आपण मूळ संख्या म्हणतो. त्यांची यादी मुलांनाच करू द्या.

तिसऱ्या दिवशी खरी गंमत. या हट्टी संख्यांपैकी कोणत्या संख्येचे दोन चौरस पाडता येतात? ५ चे पडतात, ४ आणि १. १३ चे पडतात, ९ आणि ४. १७ चे १६ आणि १. २९ चे २५ आणि ४. ४१ चे २५ आणि १६. पण ३, ७, ११, १९, २३ यांचे काही केल्या पडत नाहीत. का बरे? येथे गुरुजींनी तोंडाला कुलूप लावायचे. एक दिवस जाऊ द्या, दोन जाऊ द्या. कोणीतरी चाराचाराचे गट पाडून पाहील, आणि त्याच्या ध्यानात येईल, की ज्यांचे चौरस पडतात त्यांत बाकी १ उरते आणि ज्यांचे पडत नाहीत त्यांत ३ उरते. (एकटा २ याला अपवाद; तो समसंख्या आहे.) बाकी ३ असली तर चौरस का पडत नाहीत, हे आठवीच्या मुलाला सिद्धही करता येते : कोणत्याही वर्गसंख्येला ४ ने भागले तर बाकी ० किंवा १ च येते, मग अशा दोघांच्या बेरजेत ३ येईल कोठून? बाकी १ असली तर चौरस नेहमीच पडतात, हे सिद्ध करणे मात्र फार कठीण. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने ते सांगितले, आणि त्यानंतर शंभरएक वर्षांनी ऑयलरने त्याची सिद्धता दिली. आपण जमिनीवर बसून ज्या दारापर्यंत पोचलो ते दार केवढ्या मोठ्या माणसांनी ठोठावले होते, हे मुलांना आठवड्याच्या शेवटी सांगा. आधी सांगू नका.

दुसरी गोष्ट आहे ऊन. मे महिन्याच्या उन्हाला आपण नावे ठेवतो. पण महाराष्ट्राला याच महिन्यात एक देणगी मिळते. मेच्या पहिल्या आठवड्यापासून अखेरपर्यंत, दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेका गावाच्या बरोबर डोक्यावर सूर्य येतो. त्या दिवशी भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापूरला हा दिवस ६-७ मेच्या सुमारास येतो, पुण्याला १३-१४ च्या, नाशिकला २० च्या आणि नागपूरला २६ च्या. दिल्लीच्या मुलांना हे आपल्या गावी कधीच दिसत नाही. कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

अंगणात ओळंबा लावून एक मीटरची काठी सरळ रोवा. दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. मुलांनी मध्ये मध्ये झाडाखालीच बसावे, डोक्याला फडके असावे, पाण्याची घागर जवळ असावी, आणि सूर्याकडे कोणी पाहू नये; हे गुरुजींनी पाहायचे. पहिला प्रश्न लगेच निघेल : सावली सर्वांत आखूड घड्याळात बाराला का होत नाही? पुण्याकडे ती साडेबाराच्या सुमारास होते, नागपूरकडे बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. घड्याळ सगळ्या देशाचे एक आहे, सूर्य मात्र पूर्वेकडच्या गावाच्या माथ्यावर आधी येतो. ‘रेखावृत्त’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेला असतो. तो येथे पायाखाली सापडतो.

आता दोन गावांच्या शिक्षकांनी फोनवरून ठरवावे. समजा, कोल्हापूरकडे सावली शून्य झाली त्याच दिवशी नाशिकला मुलांनी एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली मोजली. ती ५.८ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर, त्यात ५.८ सुमारे १०८ वेळा बसतात. म्हणजे कोल्हापूर-नाशिक हे सरळ रेषेतले अंतर पृथ्वीच्या घेराचा १०८ वा भाग झाले. नकाशावर ते अंतर मोजा, सुमारे ३६५ किलोमीटर येईल. गुणाकार करा : ३९,४२०. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसने हेच केले होते.

मुलांचे उत्तर इतके नेमके येणार नाही. सावलीत अर्धा सेंटिमीटर चुकला तर घेर तीनचार हजार किलोमीटरांनी कमीजास्त होतो. शिवाय सावलीची कडा पुसट असते. सूर्य म्हणजे टिंब नव्हे, तबकडी आहे. तर मग पुसट कडेत टोक नेमके कोठे धरायचे? काठी दोन मीटरची घेतली तर चूक कमी होईल की पुसटपणाही वाढेल? माझ्या मते वर्गाचा खरा लाभ या भांडणात आहे. पुस्तकातल्या प्रयोगाचे उत्तर आधीच छापलेले असते. येथे ते नसते.

ज्यांना आकड्यांची गोडी नाही अशा मुलांचे काय, असे तुम्ही विचाराल. त्यांना शब्द वेचायला पाठवा. नांगराच्या प्रत्येक भागाला नाव आहे : फाळ, रुमणे, हाळीस, जू. ट्रॅक्टर आला आणि ही नावे म्हाताऱ्या माणसांबरोबर चालली. पेरणीच्या अवजाराला कोठे पाभर म्हणतात, कोठे तिफण. तिफणीला तीन फण असतात म्हणून तिफण. मग दोन फणांची असली तर? वेशीपासून दहा कोसांवर शब्द कोठे बदलतो, हे चार गावांच्या मुलांनी मिळून नकाशावर मांडले, तर ते काम कोणत्याही विद्यापीठाच्या उपयोगी पडेल.

आता व्यवहाराचे थोडे. वर्गात मुले कोणती घ्यावीत? चाळणी परीक्षा घेऊ नका. ज्या घरी पुस्तके आहेत त्याच घरचे मूल तिच्यातून वर येते. दार उघडे ठेवा. सहावी ते नववी, ज्याला यायचे त्याने यावे. तिसऱ्या दिवसापर्यंत निम्मी मुले आपणहून गळतील, त्यांना खुशाल जाऊ द्या. उरतील ती तुमची. पंधरावीस पुष्कळ झाली.

वेळ सकाळी सातची ठेवावी, सावलीचे दिवस तेवढे सोडून. तरीही काही मुले येणार नाहीत. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे नुकती परतलेली असतात. हाताशी आलेल्या मुलाला बाप कामाला लावतो. लग्नसराई असते. मुलींच्या बाबतीत तर पाणी आणि धाकटी भावंडे या दोन गोष्टी सुट्टीत अधिकच गळ्यात पडतात. म्हणून एक सुचवतो : मुलीला धाकट्या भावाला कडेवर घेऊन येऊ द्या. ते पोर चिंचोके विस्कटील, विस्कटू द्या. टँकर ज्या वेळी येतो ती वेळ सोडून वर्ग ठेवा. घरोघर जाऊन आयांशी एकदा बोला. “मुलगी हुशार आहे, बाई” एवढे गुरुजींच्या तोंडून ऐकले, की पुष्कळ घरी दोन तासांची सवड निघते.

फी नको, बक्षीस नको आणि शेवटी परीक्षाही नको. एक वही मात्र प्रत्येकाला हवी. तीत प्रश्न मुलाने आपल्या भाषेत लिहायचे आणि ज्यांचे उत्तर मिळाले नाही तेही तसेच ठेवायचे. गुरुजींनी त्या वहीत लाल शाई लावू नये.

आणखी एक शंका शिक्षकांच्या मनात असते, ती बोलून दाखवत नाहीत. मुलाने असे काही विचारले, की आपल्यालाच ते येत नाही, तर? “मलाही ठाऊक नाही, उद्या दोघे मिळून पाहू” असे सांगावे. मोठमोठ्या संशोधनसंस्थांत दिवसभर हेच चालते.

यंदा मे महिन्यात जमले नाही, तरी सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो. सूर्य दक्षिणेकडे परतताना पुन्हा तुमच्या गावावरून जातो : नागपूरकडे जुलैच्या मध्यानंतर, पुण्याकडे जुलैच्या अखेरीस, कोल्हापूरकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा शाळा चालू असते आणि आभाळ बहुधा भरलेले असते. काठी मात्र रोवून ठेवावी. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान ढग पाच मिनिटे फाटला तरी पुरे.